मेंढरं नसलेलं व्याकरण

१

सत्तावीस वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र एसेनकुलने कधी फाडलं नाही, आणि त्याला कधी उत्तरही दिलं नाही. उत्तर लिहायला तो बसला नव्हता असं नाही. निदान वीस वेळा बसला. पहिल्या ओळीत "प्रिय" लिहावं की नुसतं नाव लिहावं इथेच गाडी अडायची, मग चहा निवायचा, मग कागद चुलीत जायचा.

पत्र जेमतेम दहा ओळींचं होतं.

"एसेनकुल आके, माझी हिरव्या पुठ्ठ्याची वही प्रवासाच्या पेटीतून नाहीशी झाली, हे तुमच्या कानावर आलं असेल. अशी वही नव्हतीच, असं आता सगळे म्हणतात. मला वही परत नको. फक्त एक सांगा. मुकाश आगायांच्या पुस्तकाची पानं छापखान्याच्या आधी तुमच्या हाताखालून गेली. तेव्हा त्यांत बेंबें करणारी होती ना? याहून उघड मला लिहिता येत नाही. तुम्ही होय म्हणालात तर मला पुरे. उमसुनाय."

उमसुनाय भाषा संस्थेत त्याच्या समोरच्या टेबलावर बसायची. लग्न होऊन उच-कायिंगच्या खोऱ्यात गेली, आणि दोन हिवाळे सासरी बसून तिने तिथल्या बोलीतले नामांचे प्रत्यय गोळा केले. घोडा, माझा घोडा, माझ्या घोड्यापासून. किर्गीझ भाषेत हे सगळं एकाच शब्दाच्या शेपटीला लागत जातं. आधी कुणाचा ते, मग कुठून कुठे ते. उच-कायिंगमध्ये त्या शेपट्या जरा निराळ्या होत्या आणि म्हाताऱ्यांबरोबर संपत चालल्या होत्या. मग संस्थेची तुकडी त्या खोऱ्यात गेली, परतताना सगळ्यांच्या वह्यांची पेटी नदीत पडली, त्यातली तिची वही गेली. वर्षभराने त्याच प्रत्ययांवर प्राध्यापक मुकाश यांचं पुस्तक आलं. उमसुनायने तक्रार केली. चौकशी बसली. चौकशीत ती खोटी ठरली आणि तिची नोकरी गेली.

चौकशीच्या सगळ्या काळात एसेनकुल छातीत पाणी झाल्यामुळे इस्पितळात होता. घरी आला तेव्हा दारात हे पत्र पडलं होतं.

पत्रातला प्रश्न त्याला लगेच कळला होता, हीच तर खरी अडचण होती. तो संस्थेचा मुद्रितशोधक. त्या पुस्तकाच्या टाइप केलेल्या प्रतीत 'मेंढी' हा शब्द कुठेच नव्हता, सगळीकडे 'बेंबें करणारी' होतं, आणि त्याने लाल पेन्सिलीने तो सगळीकडे बदलला होता. म्हणजे आपण खोऱ्याचा अस्सल शब्द मारला, आणि ही बाई त्याचा जाब विचारते आहे, असं त्याने धरलं. स्वतःची चूक कबूल करायला माणसाला आधी ती चूक आहे याची खात्री लागते. त्याला तीही नव्हती.

आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. मुकाश आगाय, म्हणजे मुकाश गुरुजी, वारून बारा वर्षं झाली होती. त्यांच्या जन्मशताब्दीला पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, आणि संस्थेने जुनी टाइप केलेली प्रत त्याच्याकडे पाठवली होती. सोबत चिठ्ठी: 'तुमच्याइतका डोळा आता कुणाकडे नाही.'

खिडकीत बसून त्याने प्रत उघडली. लाल खुणा विटून विटकरी झाल्या होत्या. त्याने मोजल्या. मेंढीच्या एक्केचाळीस. पण मेंढीपाशीच गोष्ट संपत नव्हती. 'कठीण ते' खोडून त्याने एकोणीस ठिकाणी 'दगड' केलं होतं. 'काळं जड' खोडून सात ठिकाणी 'लोखंड'.

हे दोन तो विसरूनच गेला होता.

दगडाला दगड न म्हणणारं खोरं असतं का? डोंगरात राहून? त्याने चष्मा पुसला, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की पत्रातला प्रश्न आपल्या पेन्सिलीबद्दल नसेलच कदाचित.

२

"मेंढीला काय म्हणतात?" ओरोज एवढ्या जोरात हसला की त्याच्या मांडीवरची चकत्यांची पाटी कलंडली. "एसेके, डोकं ठिकाणावर आहे ना? मेंढीला मेंढी म्हणतात! उच-कायिंगमध्ये पण, बिश्केकमध्ये पण, आणि मला वाटतं स्वर्गात पण!"

ओरोज म्हणजे त्या तुकडीचा ड्रायव्हर. आता बाजारामागच्या गल्लीत सफरचंदं कापून उन्हात वाळवत बसलेला असायचा. पेटी त्याच्या गाडीवरून नदीत पडली होती, म्हणून त्याच्या नावावर कायमचा डाग होता.

"आणि दगडाला?"

"दगड! बस खाली, तुला ऊन लागलंय. कार्तिकी थंडीत ऊन लागलेला पहिला माणूस तू." त्याने चहा ओतला, कप अर्धाच भरला, म्हणजे पाहुण्याने अजून बसावं. "बोल. एवढ्या वर्षांनी का आलास?"

एसेनकुलने प्रतीबद्दल सांगितलं. सांगताना तो नेहमीसारखा अडखळला, दोनदा "माझीच चूक असेल" म्हणाला. ओरोजचं हसू हळूहळू मावळलं.

"ऐक. पेटी पडली, ही गोष्ट खरी. पाणी गुडघाभर होतं. मी उडी मारून काढली. कुलूप शाबूत होतं. किल्ली कुणाकडे? मुकाश आगायांकडे. उघडली तर सगळ्यांच्या वह्या भिजलेल्या, पण होत्या! माझी पेट्रोलची वही होती, टायपिस्ट जानिलचे कोरे कागद होते. एकट्या हिरव्या वहीला काय पंख फुटले?"

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं फक्त, पेटी पडली का. म्हटलं पडली. म्हणाले, जा." ओरोजने सुरी पाटीवर ठेवली. "आणि तू? तू काय सांगितलंस?"

"मला बोलावलंच नव्हतं."

"बोलावलं असतं तर?"

एसेनकुलने विषय बदलला.

"प्रस्तावनेत लिहिलंय की सगळी बोली नव्वद वर्षांच्या आलिमकुल नावाच्या धनगराने सांगितली."

"आलिमकुल?" ओरोज आता हसला नाही, नुसता फुरफुरला. "तो ठार बहिरा होता रे. त्याला काही विचारायचं म्हणजे त्याच्या म्हातारीने खांद्यावर चापट मारायची, मग त्याने उठून घोडा आणायचा. काही विचारा, घोडाच आणायचा. आगाय त्याच्याकडे एकदा गेले, फोटो काढला, परत आले. आम्ही सगळे उमसुनायच्या सासरीच उतरलो होतो. काय घर होतं! सासरा ताशतेमिर, हा एवढा उंच, बोलायला लागला की कुत्री गप्प. सासू गोष्टीवेल्हाळ. थोरला दीर कोयचुबेक, त्याने मला बुद्धिबळात अकरा डाव हरवलं, बाराव्याला मीच पळालो."

"आहेत का कुणी?"

"म्हातारे गेले. कोयचुबेकही गेला." ओरोजने पाटी सरळ केली. "उमसुनाय आहे. डोळे गेलेत. पत्रं-बित्रं आली तर नातसून वाचून दाखवते. नोकरी गेल्यावर तिने वीस-पंचवीस वर्षं दूध काढलं रे लोकांचं. तुझ्याबद्दल एकदा विचारलं होतं मला, दोन-तीन वर्षांपूर्वी."

"काय विचारलं?"

"एवढंच, की तो अजून आहे का. म्हटलं आहे, पुस्तकात नाक खुपसून. म्हणाली, बरं."

एसेनकुल उठला तेव्हा कप तसाच अर्धा भरलेला होता.

३

जानिल टायपिस्ट होती. नवऱ्याबरोबर ती गावाच्या टोकाला राहायची, दारात चिनाराचं झाड, अंगणात सरपणाचा ढीग. नवरा सुयुन ओट्यावर ऊन खात बसला होता.

"या, या एसेनकुल बाइके! हिला वाटायचं तुम्ही मेलात," सुयुन म्हणाला.

"मी असं कधी म्हटलं हो?" जानिल आतून ओरडली. "मी म्हटलं, बाइके लाजून कुणाला न सांगता मरतील, आपल्याला कळायचं पण नाही!"

तिने कणकेचे तळलेले बोरसोक आणि साय आणली. एसेनकुलने प्रत समोर ठेवली. तिने पहिलं पान पाहिलं आणि बोटं टाइप करायला लागल्यासारखी हलली.

"माझंच टायपिंग. हा 'क' बघा कसा उडतो, मशीनच तसं होतं."

"जानिल, हे तू कशावरून टाइप केलंस? वहीवरून?"

"नाही. सुट्या कागदांवरून. आगायांच्या हातचे. त्यांचं अक्षर मला झोपेत ओळखता येईल."

एसेनकुलने प्रत मिटली. आगायांच्या हातचे. म्हणजे मग सगळं त्यांचंच. वही नव्हतीच. उमसुनाय खोटी, आणि आपण शहाणे. पत्राला उत्तर दिलं नाही तेच बरं झालं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याच क्षणी लाजही वाटली.

"तुला हे 'बेंबें करणारी' वगैरे विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. मी आगायांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, धनगर असंच बोलतो, तू मशीन चालव. मी चालवलं." तिने आवाज खाली आणला. "पण बाइके, चौकशीचा वृत्तान्त मी लिहून घेत होते. ते मला अजून विसरता येत नाही."

"काय झालं होतं?"

"उमसुनाय एजे सासऱ्याला घेऊन आली होती, साक्षीला. तो पहाडासारखा म्हातारा तिच्या शेजारी बसलेला. आगाय म्हणाले, पुरावा दे. ती म्हणाली, पुरावा पुस्तकातच आहे. उघडा. त्यात बेंबें करणारी आहेत, त्यांचं खरं नाव कुठेही नाही, एका पानावर नाही. असं कुणाच्या वहीत असेल ते तुम्ही सगळे जाणता. सगळ्यांनी आगायांकडे पाहिलं. आगायांनी छापलेलं पुस्तक उघडलं. हसले. पान पुढे केलं. माझ्या मेंढ्या, तुझ्या मेंढ्या, आमच्या मेंढ्यांपासून. दुसरं पान. तिथेही मेंढ्या. खोलीत काय हशा पिकला! कुणीतरी म्हणालं, एवढी मेंढरं तर अख्ख्या खोऱ्यात नसतील."

"आणि ती?"

"तिने पुस्तक मागून घेतलं. उभ्याउभ्या चाळलं. सगळं चाळलं हो, शेवटपर्यंत, आणि लोक हसत होते. मग मिटून ठेवलं. सासऱ्याचा हात धरून बाहेर गेली. तो म्हातारा दारात वळून म्हणाला, माझी सून खोटं बोलत नाही. पण पुस्तक समोर होतं ना." जानिलने डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, मग एकदम अंगणाकडे वळून म्हणाली, "अहो, ऐकलंत का! नुसते बसलात ते, ते तोडायचं घ्या आणि दोन लाकडं फोडा. चुलीत काही नाही."

"तोडायचं!" सुयुन एसेनकुलकडे पाहून डोळे मिचकावत उठला. "बघितलंत? कुऱ्हाड म्हणणार नाही. माझ्या बापाचं नाव बाल्ताबाय, बाल्ता म्हणजे कुऱ्हाड, म्हणून चाळीस वर्षं आमच्या घरात कुऱ्हाड नाही, 'तोडायचं' आहे. बाप जाऊन तीस वर्षं झाली! म्हटलं म्हातारे, आता तरी म्हण. तो काय वर बसून ऐकतोय?"

"तुम्ही म्हणा तुमच्या बापाचं नाव," जानिल म्हणाली. "माझ्या तोंडून सासऱ्याचं नाव येणार नाही. जीभच वळत नाही तर काय करू?"

एसेनकुलच्या हातातला बोरसोक सायीत पडला.

"जानिल," तो म्हणाला, "आणि लिहिताना?"

"काय लिहिताना?"

"सामानाची यादी. सुयुनला चिठ्ठी. लिहिताना कुऱ्हाड लिहितेस?"

जानिलने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "हात माझाच ना, बाइके?"

४

तो चालत घरी निघाला. ट्रॉलीबसचे तीन थांबे त्याने नुसते ओलांडले.

एसेनकुल अनाथालयात वाढला होता. तिथे सासरा नव्हता, सून नव्हती, दीर नव्हता. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, त्या नावात असलेला साधा शब्दही उच्चारत नाही, हे त्याला माहीत होतं. पण जसं परदेशातल्या नद्यांची नावं माहीत असतात तसं. लग्नही झालं नाही, घरात कधी सून आली नाही. त्यात प्रस्तावनेत लिहिलं होतं की हे सगळं एका पुरुषाचं बोलणं आहे. पुरुषाला कुणाचं नाव टाळायचं? म्हणून त्याने ते म्हाताऱ्याचं चऱ्हाट समजून साफ केलं होतं.

कालव्याच्या कठड्यापाशी तो थांबला आणि गणित मांडलं. मुद्रितशोधक जसं एकेक अक्षर बोटाखाली धरतो, तसं.

ताश म्हणजे दगड. तेमिर म्हणजे लोखंड. ताशतेमिर. कोय म्हणजे मेंढी, कोयचु म्हणजे मेंढ्या राखणारा. कोयचुबेक. प्रतीतून नेमके तीनच शब्द गायब होते, आणि तिन्ही त्या एका घरातल्या दोन नावांत बसत होते.

आलिमकुलला ती नावं घ्यायला काही आडकाठी नव्हती, आणि तसंही तो घोडाच आणायचा. मग सासूने सांगितलं असेल, आगायांनी स्वतः उतरून घेतलं असेल? त्याने मनातल्या मनात आगायांच्या बाजूने शेवटचा प्रयत्न केला. ताशतेमिर हा सासूचा नवरा. ती दगड म्हणणार नाही, लोखंड म्हणणार नाही. पण कोयचुबेक तिचा पोटचा मुलगा. आईला मुलाचं नाव घ्यायला कसली चोरी? सासूने मेंढीला बिनदिक्कत मेंढीच म्हटलं असणार. तरी कागदावर मेंढी नाही. म्हणजे कान सासूच्या तोंडाशी असले तरी हात दुसऱ्या कुणाचा होता. ज्या हाताला सासरा आणि थोरला दीर दोघांचीही नावं वर्ज्य होती, असा हात.

त्या घरात लिहिता येणारी सून एकच होती. विद्यापीठात पहिली आलेली, ध्वनिशास्त्रावर निबंध लिहिलेली. आणि तिचीही लेखणी तिथे येऊन वळली होती. वैज्ञानिक वहीत तिने हे करायला नको होतं, ही तिची चूकच होती. पण त्या चुकीने पानापानावर तिची सही करून ठेवली होती. आगायांनी अक्षर बदललं, कागद बदलले, वही बहुतेक जाळली. पण घाईत उतरवताना त्या शब्दांसकट उतरवलं. शहरी माणूस, त्यांनाही प्रथम ते बोलीचंच वाटलं असावं.

प्रथम. म्हणजे कधीपर्यंत?

कठड्याचं लोखंड त्याच्या तळहाताला थंड लागलं, आणि त्याला तो टेलिफोन आठवला.

संस्थेच्या व्हरांड्यातला काळा टेलिफोन. आगाय सुट्टीवर, समुद्रकाठच्या विश्रामगृहात. एसेनकुल घाबरत घाबरत म्हणाला होता, "आगाय, क्षमा करा, धनगराच्या बोलण्यात मेंढी हा शब्दच कुठे येत नाही. दगडही नाही. लोखंडही नाही. हे ठेवायचं का?" पलीकडे खूप वेळ कुणी बोललं नव्हतं. एसेनकुलला वाटलं लाइन तुटली. मग आगाय म्हणाले होते, अगदी प्रेमाने, आयुष्यात पहिल्यांदाच प्रेमाने: "शाबास, एसेनकुल. तुझा डोळा म्हणजे डोळा. बदल. सगळीकडे बदल. एकही राहू देऊ नकोस."

त्या शाबासकीवर तो कित्येक वर्षं जगला होता.

एकही राहिला नव्हता. त्याच्या हातून कधी काही राहायचं नाही. चोराला आपली चोरी कुठे दिसते ते ठाऊक नव्हतं. ते त्याने दाखवून दिलं, आणि मग सदुसष्ट ठिकाणी स्वतःच्या हाताने पुसलं. भर खोलीत उभी राहून ती पुस्तक शेवटपर्यंत चाळत होती तेव्हा ती त्याची पेन्सिल वाचत होती. आणि हे तिला माहीत नव्हतं, म्हणूनच तिने त्यालाच लिहिलं. होय म्हणालात तर मला पुरे.

कालव्यावरून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?"

"नाही," एसेनकुल म्हणाला. ती वळून वळून पाहत गेली.

५

संस्थेचे संचालक तालासबेक हे मुकाश आगायांचे शेवटचे विद्यार्थी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. भल्या माणसाची ही रीत एसेनकुलला नेहमी अवघड वाटायची. अडवलं तर निदान गप्प बसता येतं.

"एसेनकुल आगाय," संचालक शेवटी म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं, असं समजा. पण मी छापू काय? एका शिष्याने शताब्दीला गुरूवर चोरीचा आळ घ्यायचा, आणि पुरावा काय, तर मेंढ्या?"

"मेंढ्या नाहीत, हा पुरावा."

"तेच ते. लोक हसतील."

"तेव्हाही हसले होते."

संचालकांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "हे बघा. प्रस्तावनेत एक ओळ घालू. 'साहित्य जमवताना स्थानिक महिलांचंही सहकार्य लाभलं.' त्या बाईंचं नावही घालू, हवं तर. तुम्ही प्रत तपासून परत करा, सही करा, झालं. तुम्हाला या वयात काय करायचंय हे? तुमचंच नाव खराब होईल. सगळ्या खुणा तर तुमच्या हातच्या आहेत."

"हो," एसेनकुल म्हणाला. "माझ्याच आहेत."

एवढं बोलून तो उठला. दरवाज्यापाशी त्याला काहीतरी ठसठशीत सुचायला हवं होतं, ताशतेमिरला सुचलं होतं तसं. काही सुचलं नाही. "सही करत नाही," एवढंच तो म्हणाला, आणि तेही बहुधा फार हळू, कारण संचालक म्हणाले, "काय म्हणालात?"

"सही करत नाही, म्हटलं."

प्रत त्याच्या पिशवीतच होती. ती टेबलावर ठेवायची असते, हे त्याला ठाऊक होतं. संस्थेचा एक कागदही त्याने कधी घरी नेला नव्हता, टाचणीसुद्धा नाही. तो जिना उतरला. पिशवी त्याने छातीशी धरली होती, आणि पहारेकऱ्याने सलाम केला तेव्हा त्यालाही सलाम केला.

६

त्याने "प्रिय" लिहिलं नाही. नावच लिहिलं.

"उमसुनाय,

होय. बेंबें करणारी होती. एक्केचाळीस ठिकाणी. कठीण ते एकोणीस ठिकाणी होतं, आणि काळं जड सात ठिकाणी. खरी नावं कुठेही नव्हती, एका पानावर नव्हती. तुझं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

ती पुस्तकात नव्हती, कारण ती मी काढली. आगायांना फोन करून विचारलं, आणि त्यांनी काढायला सांगितलं. पण पेन्सिल माझी होती. मला कळलं नाही की मी काय खोडतो आहे. आणि तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तू माझी चूक काढते आहेस. मी माझ्या चुकीची काळजी करत बसलो. तू काय विचारते आहेस हे विचारायला मी सत्तावीस वर्षांत एक दिवसही आलो नाही.

तुला एक होय पुरे होतं. त्या वेळी ते मी दिलं असतं तर ती टाइप केलेली प्रत कपाटातून काढून दाखवता आली असती. तुझा सासरा हयात होता. त्याच्यासमोर दाखवता आली असती. हे मला आता कळतं, आणि याचं काही करता येत नाही.

क्षमा मागत नाही. क्षमा मागितली की समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं. तुझ्यावर ते ओझं नको.

सोबत मूळ पानं पाठवतो आहे, सगळी. ती संस्थेची आहेत, मी न विचारता घेतली. लाल खुणांखाली जुनी अक्षरं दिसतात. कुणी डोळस माणसाने उजेडात धरली तर स्वच्छ दिसतात. व्याकरण तुझं आहे. प्रत्यय न् प्रत्यय.

एसेनकुल."

पत्र त्याने पुन्हा वाचलं. नातसुनेला हे मोठ्याने वाचायचं होतं, म्हणून तिची जीभ जिथे अडेल असा शब्द आत राहिला नाही ना, हे त्याने बोटाखाली ओळ धरून तपासलं. वरचं नाव ती गाळून वाचेल. बाकी 'मेंढी' नव्हती. 'दगड' नव्हता. 'लोखंड' नव्हतं. आयुष्यभर शब्द दुरुस्त केलेल्या माणसाने हे तीन जागच्या जागी न लिहिता सोडले, आणि पहिल्यांदाच त्याला आपल्या लिखाणाबद्दल शंका आली नाही. मग रडू आलं. ते त्याने येऊ दिलं. घरात कुणी नव्हतं.

सकाळी बर्फ भुरभुरत होता. पोस्टात खिडकीमागे जाड मफलर घातलेली बाई होती. तिने पाकीट हातात तोललं.

"केवढं हे, आजोबा! काय आहे आत?"

"कागद आहेत."

"उच-कायिंग." तिने पत्ता वाचला. "घाटात बर्फ आहे, आठ-दहा दिवस लागतील बरं का. पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही तुम्ही. न घालता मी घेत नाही, परत आलं तर कुणाकडे द्यायचं?"

त्याने पेन मागून घेतलं आणि कोपऱ्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, जो त्याने कधी पाहिला नव्हता. अक्षर वाचता येत होतं.

"पोचपावती हवी? सही करून परत येते."

एसेनकुलने पेन परत दिलं. मागे उभ्या माणसाने घसा खाकरला.

"नको," एसेनकुल म्हणाला. "त्यांनी काही पाठवायला हवं असं नाही."

बाईने खांदे उडवले, चार तिकिटं चिकटवली, शिक्का मारला, आणि पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.